निळा डगला आणि निळीचे भांडे : बिआट्रिक्स पॉटर यांच्या जलरंगचित्रांतील वेषधारी प्राणी

प्राणिकथांचा तौलनिक अभ्यास मुख्यतः शब्दांच्या आधारे झालेला आहे. थेओडोर बेन्फाय यांनी १८५९ मध्ये पंचतंत्राचे जर्मन भाषांतर विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले आणि कथाबीजांच्या स्थलांतराचा शोध ही या अभ्यासाची मध्यवर्ती दिशा ठरली. एखादी कथा संस्कृतातून पेहलवीत, पेहलवीतून अरबीत आणि तेथून युरोपीय भाषांत कशी गेली, याचा मागोवा घेताना कथेसोबत प्रवास करणाऱ्या, अथवा प्रवास न करणाऱ्या, चित्रांकडे लक्ष देण्याचे कारण अभ्यासकांना फारसे जाणवले नाही. चित्र हे संहितेची सजावट, एवढेच त्याचे स्थान राहिले. या दृष्टीमुळे जी वंशावळ तयार होते तिच्या अखेरच्या टोकाला इंग्रज लेखिका आणि चित्रकार बिआट्रिक्स पॉटर (१८६६-१९४३) यांना बसविणे सोपे जाते. बोलणारे ससे, कपटी कोल्हा, अविचारी बदक ही पात्रे जुन्या बोधकथांची आधुनिक रूपे वाटतात. संहितेपुरते पाहिले तर या म्हणण्यात तथ्य आहे. चित्रे समोर ठेवली की मात्र ते अपुरे पडते, आणि ते कोठे अपुरे पडते हे पाहणे तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने अधिक फलदायी आहे.

प्रथम परिभाषेचा एक प्रश्न. मराठी अलंकारशास्त्रात या व्यापारासाठी चेतनगुणोक्ती ही संज्ञा हाताशी आहे. परंतु ती अचेतनावर चेतनाचे गुण आरोपिण्याविषयी आहे. ससा किंवा बेडूक मुळातच चेतन असल्यामुळे त्यांच्या बाबतीत या संज्ञेचा उपयोग नाही. प्राण्याला मनुष्यत्व देताना त्याच्या चैतन्यात भर पडत नाही. एका चेतन देहावर दुसऱ्या चेतन जातीचा व्यवहार चढविला जातो. म्हणून 'मानवीकरण' हा शब्द येथे त्यातल्या त्यात सोयीचा आहे, मात्र तोही हा व्यवहार देहावर कोठे आणि कसा चढतो हे सांगत नाही. चित्रकाराला तर पहिल्या रेषेपासून याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. कथाकार 'ससा म्हणाला' असे लिहून पुढे जाऊ शकतो. चित्रकाराला त्या सशाचे गुडघे कोणत्या बाजूला वाकतात हे ठरवावे लागते.

पॉटर यांच्याकडे या प्रश्नाचे उत्तर नैसर्गिक इतिहासाच्या अभ्यासातून आले. लंडनमधील घरात त्या आणि त्यांचा भाऊ ससे, उंदीर, साळू, सरडे असे प्राणी पाळत. मेलेल्या प्राण्यांचे सांगाडे स्वच्छ करून त्यांची रेखाटने करणे हाही त्या अभ्यासाचा भाग होता. अळिंबांची त्यांनी केलेली शेकडो जलरंगचित्रे इंग्लंडमधील अँबलसाइडच्या संग्रहालयात आहेत, आणि अळिंबांच्या बीजाणूंच्या अंकुरणाविषयीचा त्यांचा निबंध १८९७ मध्ये लिनियन सोसायटीत सादर झाला होता. जलरंग हे या चित्रकर्तीच्या हाती आधी निरीक्षणाचे साधन म्हणून आले, कल्पितकथेचे साधन म्हणून नंतर. त्यामुळे त्यांचा प्राणी मनुष्याचे कपडे घालतो तेव्हाही त्याचा सांगाडा बदलत नाही. फ्रेंच चित्रकार ग्रांव्हील यांनी १८४०च्या सुमारास काढलेली प्राण्यांची उपहासचित्रे शेजारी ठेवली की हा फरक ठळक होतो. ग्रांव्हील यांच्याकडे धड मनुष्याचे आणि मस्तक पशूचे असते. तेथे पाहणाऱ्याला कोणता माणूस कोणत्या पशूसारखा आहे एवढेच ओळखायचे असते. पॉटर यांच्याकडे धड आणि मस्तक दोन्ही पशूचीच. परकी असते ती फक्त वस्त्रे.

आणि ही वस्त्रे काढता येतात. पॉटर यांच्या चित्रकथांचा विचार येथून सुरू करावा लागतो. पीटर या सशाची गोष्ट ४ सप्टेंबर १८९३ रोजी स्कॉटलंडमधून एका आजारी मुलाला लिहिलेल्या सचित्र पत्रात प्रथम आली. डिसेंबर १९०१ मध्ये लेखिकेने स्वखर्चाने छापलेल्या २५० प्रतींत मुखचित्र सोडले तर सर्व चित्रे काळ्या रेषेची होती. फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनसंस्थेने रंगीत चित्रांचा आग्रह धरला, तेव्हा लेखिकेने रंगांच्या खर्चाबरोबरच आणखी एक अडचण पुढे केली होती : सशाचा तपकिरी आणि बागेतला हिरवा, यांत रंगविण्यासारखे फारसे काही नाही. आक्षेप चित्रकाराचा आहे, आणि तो चुकीचा नाही. ऑक्टोबर १९०२ मध्ये तीनरंगी छपाईत जे पुस्तक निघाले त्यात त्या तपकिरी-हिरव्या जगाला छेद देणारी मुख्य गोष्ट म्हणजे पीटरचा निळा डगला. रेषाचित्रांत डगला हा केवळ एक आकार होता. रंग आल्यावर तो पानावरचा पहिला दिसणारा पदार्थ झाला. ससा दिसण्याआधी डगला दिसू लागला.

मूळ चित्रांतील हाताळणीही या दोहोंत भेद करते. सशाची लव बारीक, जवळजवळ कोरड्या कुंचल्याच्या फटकाऱ्यांनी उभी केलेली असते. कानाच्या आतील गुलाबी छटा, पोटाखालचा फिका भाग, मिशांची मुळे यांत अळिंबांच्या चित्रांतला संयम आहे. डगला मात्र सपाट, पातळ रंगथराचा, मोजक्या चुण्यांचा. पारदर्शक जलरंगात खालचा थर सहसा पूर्णपणे बुजत नाही आणि उजेड कागदाचाच असतो. तैलरंगातील वस्त्राला जे वजन प्राप्त होते ते येथे येत नाही. त्यामुळे पीटरचा डगला अंगावर घातलेला आहे, अंगाचा झालेला नाही, असे कुंचलाच सांगत असतो. कथेतील पुढची घटना या चित्रणातच तयार होऊन बसलेली आहे.

ती घटना सर्वपरिचित आहे. मॅकग्रेगर यांच्या बागेत शिरलेला पीटर पळताना गूजबेरीच्या जाळ्यात अडकतो, आणि अडकतो तो डगल्याच्या मोठ्या पितळी बटणांमुळे. डगला टाकून दिल्यावरच तो सुटतो. त्याआधी जोडे गेलेले असतात, आणि ते गेल्यावर तो चार पायांवर अधिक वेगाने धावतो, हे निवेदन मुद्दाम नोंदविते. गोष्टीच्या आरंभीच आईने मुलांना बजावलेले असते की त्यांचा बाप याच बागेत सापडला आणि त्याचे भरीत पावात भाजले गेले. म्हणजे बागेतल्या माणसाच्या लेखी ससा हे भक्ष्य आहे, मग त्याने डगला घातलेला असो वा नसो. मनुष्यवेष पीटरला मनुष्याच्या ताटापासून वाचवीत नाही. उलट तोच त्याला धरून ठेवतो. ज्या चित्रात पीटर पहिल्यांदा उघडा, चार पायांवर दिसतो तेथे त्याच्या देहाच्या रेषेत अवघडलेपण अजिबात नाही. कपड्यांतल्या चित्रांत ते जाणवते, आणि तो दोष नसून कथार्थाचा भाग आहे.

येथे पंचतंत्रातील निळ्या कोल्ह्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. मित्रभेदातील चंडरव कुत्र्यांच्या भीतीने गावातील रजकाच्या घरात शिरतो, निळीच्या भांड्यात पडतो आणि बाहेर येतो तो अपूर्व वर्णाचा प्राणी होऊन. वनातील श्वापदे त्याला राजा मानतात. पुढे इतर कोल्ह्यांची ओरड ऐकून त्यालाही राहवत नाही, तो ओरडतो, ओळखला जातो आणि मारला जातो. दोन्ही कथांत पाठलाग आहे, योगायोग आहे आणि निळा रंग आहे. बेन्फाय यांच्या पद्धतीने येथे संबंध जोडण्याचा मोह होऊ शकतो. तो टाळणे इष्ट, कारण साम्य रंगाच्या नावापुरतेच आहे. चंडरवाची निळाई अंगभर मुरलेली आहे आणि ती उतरविण्याची सोय कथेत नाही. तिच्याखाली कोल्हा दिसत नाही. तो फक्त ऐकू येतो. उलगडा त्यामुळे आवाजातून होतो, आणि उलगडा म्हणजेच मरण. पीटरची निळाई उतरते, तिच्याखाली ससा पहिल्यापासून दिसतच असतो, आणि ती उतरणे हेच त्याचे वाचणे. एकीकडे अपारदर्शक रंग आणि दंडाची कथा, तर दुसरीकडे पारदर्शक रंग आणि सुटकेची कथा. जातिधर्म लपत नाही, हे दोन्ही कथा मान्य करतात. पण चंडरवाने स्वजन टाकले हा त्याचा अपराध आहे. पीटरचा अपराध त्या मानाने किरकोळ, आणि स्वजनांकडे परतल्यावर त्याला मिळतो तो कॅमोमाइलचा काढा.

भारतीय कथापरंपरेत प्राण्यांना वस्त्रे नाहीतच असा याचा अर्थ नव्हे. मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या काऊ-चिऊच्या गोष्टीत भिजलेला कावळा दार ठोठावत असताना चिमणी बाळाला न्हाऊ घालते, अंगडे चढविते, तीट लावते. तथापि तेथील अंगडे चिमणीला माणूस ठरविण्यासाठी नसते. ते दार न उघडण्याची सबब असते. वस्त्र ही वस्तू तेथे नाहीच, वस्त्र घालण्याची क्रिया आहे. शिवाय ही गोष्ट ऐकण्याची आहे. चिमणीच्या अंगावर काय होते, असा प्रश्न ऐकणाऱ्या मुलाला पडत नाही. लिखित परंपरेच्या चित्रांतही हेच दिसते. काशिफीच्या 'अन्वारे सुहेली' या फारसी रूपांतराची १५७० मध्ये तयार झालेली मोगल प्रत लंडनच्या पौर्वात्य विद्येच्या संस्थेत आहे. तिच्यातील प्राणी अपारदर्शक जलरंगात, बारकाईने, पण उघड्या देहानेच रंगविलेले आहेत. ते बोलतात हे संहितेतून कळते. चित्र त्या बोलण्याला मान कलती करण्यापलीकडे साथ देत नाही, आणि त्याला तशी गरजही नसते.

पंचतंत्रातील 'रजक' हा शब्द मात्र थोडा वेळ हाती धरून ठेवण्याजोगा आहे. संस्कृतात तो रंगारी आणि परीट या दोघांनाही लागतो. चंडरव ज्याच्या घरात शिरतो तोही रजक आणि व्याघ्रचर्म पांघरलेले गाढव ज्याचे तोही रजकच. आवरण चढविणारा आणि आवरण धुणारा एकच माणूस असावा, ही या कथांच्या भूगोलातील सूचक गोष्ट आहे. पॉटर यांच्या १९०५ मधील 'मिसेस टिगी-विंकल' या पुस्तकाची नायिकाही परटीण आहे. ती एक साळू. डोंगराच्या पोटातील स्वयंपाकघरात ती परिसरातील सर्व प्राण्यांचे कपडे धुऊन इस्त्री करते, आणि ल्युसी ही माणसाची मुलगी आपले हरवलेले रुमाल शोधत तिच्याकडे येते.

त्या घरातील कपड्यांची यादी सूक्ष्मपणे वाचली की पीटरच्या कथेतील स्पष्ट सीमारेषा येथे विरघळलेली दिसते. कोकरांनी धुवायला पाठविलेले लोकरीचे डगले म्हणजे त्यांची लोकरच. कोंबडीचे पिवळे मोजे म्हणजे तिचे पाय. रॉबिन पक्ष्याचे लाल जाकीट म्हणजे त्याची छाती. नटकिन या खारीच्या तांबड्या डगल्याला शेपूट उरलेले नाही, कारण १९०३ च्या पुस्तकात घुबडाच्या तावडीतून सुटताना नटकिनचे शेपूटच तुटले होते, आणि त्या पुस्तकात तर त्याच्या अंगावर डगलाही नव्हता. पीटरचा पावसात भिजून आटलेला निळा डगलाही याच ढिगात आहे. म्हणजे जो खरोखर वस्त्र होता तो आणि जे मुळात कातडे होते ते, दोन्ही एकाच परातीत. ग्रॅहम ग्रीन यांनी १९३३ मध्ये पॉटर यांच्या लेखनावर निबंध लिहिला आणि तो लेखिकेला मुळीच रुचला नाही, हे सुविदित आहे. ग्रीन यांचे लक्ष गद्यशैलीवर आणि कथांच्या बदलत्या भाववृत्तीवर होते. या यादीसारख्या जागा अशा वाचनातून निसटतात, कारण त्यांचा अर्थ आधीच्या पुस्तकांतील चित्रे आठवल्याशिवाय लागत नाही.

पुस्तकाचा शेवट याहून कठोर आहे. निरोप घेऊन ल्युसी मागे वळून पाहते, तर टिगी-विंकल आभार किंवा धुण्याचे पैसे घेण्यासाठीही न थांबता डोंगर चढत पळत असते. तिची टोपी, शाल, झगा कोठे गेले? ती लहान झालेली आहे, तपकिरी आहे आणि अंगभर काट्यांची आहे. ती साळूच असते. या परटिणीचे चित्र रेखाटताना चित्रकर्तीच्या मनात स्कॉटलंडमधील डालगाइज येथे त्यांच्या कुटुंबाचे कपडे धुणारी एक वृद्ध स्त्री होती, ही माहिती चरित्रकार कौतुकाने देतात. परंतु भारतीय वाचकाला येथे दुसरेच काही दिसण्याची शक्यता आहे. जी दुसऱ्यांची वस्त्रे स्वच्छ करते तिचेच मनुष्यत्व काम संपताच उतरते. ज्यांचे कपडे ती धुते त्या प्राण्यांपैकी कोणालाही हे असे मागून, दुरून पाहिले जात नाही. पाहणारी मनुष्यकन्या मालकवर्गातली आहे. या शेवटात जिव्हाळा आहे याबद्दल शंका नाही. त्या जिव्हाळ्यात अंतर किती आहे, हे ज्या समाजात परटाचे स्थान जातीने ठरविले गेले तेथील अभ्यासकाने विचारलेच पाहिजे.

पॉटर यांनी वस्त्राला एकच एक अर्थ दिला, असे येथवरच्या विवेचनावरून वाटू नये. १९०६ मधील जेरेमी फिशर या बेडकाला ट्राउट मासा गिळतो आणि लगेच थुंकून टाकतो, कारण त्याच्या रेनकोटाची चव माशाला सोसत नाही. पीटरला डगल्याने अडकविले, जेरेमीला रेनकोटाने वाचविले. मात्र जेरेमीच्याही बाबतीत देहाशी इमान सुटलेले नाही. केनेथ ग्रॅहम यांच्या कथेतील भेक केस विंचरतो, या तपशिलाला पॉटर यांनी एका पत्रात हरकत घेतली होती. बेडकाने पावसाळी जोडे घालावेत, पण त्याला केस असू नयेत, असा त्या हरकतीचा आशय आहे. अर्थात जे चढविता-उतरविता येते ते मान्य, जे देहातच फेरफार करते ते अमान्य. त्यांच्या एकूण चित्रपद्धतीचे हे जवळजवळ सूत्रच म्हणता येईल.

या सूत्राची खरी कसोटी लागते ती कालीघाटच्या मांजरापुढे. कोलकात्यातील कालीमंदिराच्या परिसरात एकोणिसाव्या शतकात पटुआ चित्रकारांनी गिरणीच्या स्वस्त कागदावर जलरंगात काढलेली चित्रे यात्रेकरू विकत घेत. देवदेवतांबरोबरच या चित्रांत सामाजिक उपहासाचे विषय होते, आणि त्यांत तोंडात कोळंबी किंवा मासा धरलेले मांजर वारंवार येते. त्याच्या कपाळावर वैष्णवाचा तिलक असतो. योगायोगाने ही परंपरा आणि पॉटर यांची चित्रे आज एकाच छताखालच्या संग्रहाचा भाग आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये पॉटर यांच्या कलाकृतींचा लिंडर संग्रह आहे आणि कालीघाट चित्रांचा मोठा संग्रहही आहे. त्यांतील बरीच चित्रे जॉन लॉकवुड किपलिंग यांनी जमविलेली असून १९१७ मध्ये रडयार्ड किपलिंग यांनी ती संग्रहालयाला दिली. थोरले किपलिंग १८६५ ते १८७५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते, आणि भारतातील पशू व माणूस यांच्या संबंधांवर त्यांचा १८९१ मधील ग्रंथ प्रसिद्ध आहे.

माध्यम दोन्हीकडे पाण्याचेच, तरी हात अगदी निराळा. कालीघाटचा चित्रकार कुंचल्याच्या एका अंगाला रंग आणि दुसऱ्या अंगाला पाणी घेऊन एकाच वळणात देहाची गोलाई उभी करतो. त्याला लव मोजायची नसते; विकण्यासाठी दिवसभरात अनेक चित्रे काढायची असतात. मांजराच्या अंगावर वस्त्र नाही. मिशा, डोळे, अंगावरचे पट्टे ज्या सरावाच्या रेषेने येतात तिनेच तिलकही येतो. तो त्या पट्ट्यांपैकीच एक वाटावा इतका सहज. त्यामुळे तो उतरविता येत नाही. ढोंग हे मांजराने पांघरलेले नाही, ते त्याच्या कपाळाचेच झाले आहे. या प्रतिमेमागे दीर्घ परंपरा आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात उलूकाकरवी पाठविलेल्या निरोपात दुर्योधन युधिष्ठिराला तपस्वी मांजराची गोष्ट ऐकवितो. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात 'बैडालव्रतिक' हे ढोंग्याचे नाव आहे. मामल्लपुरमच्या सातव्या शतकातील विशाल शिल्पपटात मागच्या पायांवर उभे राहून पुढचे पाय उंचावलेले मांजर आहे आणि त्याच्या अवतीभवती उंदीर आहेत. पाषाणात ढोंग शरीराच्या ठेवणीतून आले, कागदावर ते कपाळावरच्या खुणेतून. कालीघाटच्या चित्रात मात्र उंदीर उरलेले नाहीत, उपदेश उरलेला नाही, भोळा श्रोताही उरलेला नाही. कोळंबी तोंडात आहेच. कथा घडून गेलेली आहे आणि पाहणाऱ्याला केवळ निकाल दाखविला जातो.

पॉटर यांचे १९०८ मधील बदकाचे पुस्तक याच विषयाचे आहे आणि ते निकाल पुढे ढकलत राहते. जेमायमा या बदकाला अंडी उबवायला जागा देणाऱ्या व्यक्तीला निवेदन सतत एक सभ्य, रुबाबदार गृहस्थ म्हणते. चित्र मात्र पहिल्याच भेटीत झुबकेदार शेपटीचा, टोकदार तोंडाचा कोल्हा दाखविते. शब्दांवर विश्वास ठेवणारी जेमायमा फसते, चित्र पाहणारे मूल फसत नाही. कालीघाटच्या चित्रात जे एका तिलकात सांगून संपते ते येथे पानोपानी शब्द आणि चित्र यांच्या विसंवादातून चालविले जाते. या विसंवादाला वेळ लागतो, पान उलटावे लागते; म्हणून वस्त्र हे कथात्म आहे आणि तिलक कथात्म नाही. आपल्याकडील समीक्षेत कालीघाटच्या मांजराला बोधकथेचे चित्ररूप मानण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ते बोधकथेचा शेवट कापून भिंतीवर लावल्यासारखे आहे. कथा पाहणाऱ्याच्या स्मरणात आधीपासून आहे, असे ते गृहीत धरते. पॉटर यांना असे काही गृहीत धरता येत नव्हते. त्यांच्या वाचकाला सश्याची कोणतीच म्हण पाठ नव्हती.

पीटरने टाकलेल्या डगल्याचे पुढे काय होते, ते त्याच पुस्तकात दिसते. मॅकग्रेगर तो डगला आणि जोडे एका काठीवर अडकवून त्यांचे बुजगावणे करतात, पक्ष्यांना भिवविण्यासाठी. चित्रात निळा डगला आहे, आत कोणी नाही, आणि पक्षी भोवती उभे राहून त्याच्याकडे पाहत आहेत. ते घाबरलेले दिसत नाहीत. प्राण्यावाचून उरलेल्या मनुष्यवेषाचे असे चित्र कालीघाटच्या पटुआला काढताच आले नसते, कारण मांजरावाचून तिलक कागदावर ठेवण्यासारखी जागा त्याच्याजवळ नव्हती.